साधी गाठ की कॅन्सरची? पॅथॉलॉजिस्ट नक्की काय बघतात

निळीगुलाबी

शेजारच्या धाग्यावर "गाठ दुखत नाही, म्हणजे साधीच" आणि त्याच्याखाली लगेच "एवढी मोठी आहे, म्हणजे कॅन्सरच" असे दोन ठाम प्रतिसाद वाचले. दोन्ही चूक. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, निळ्या-गुलाबी स्लाइड बघण्यात दिवस जातो, आयडी त्यावरूनच घेतलाय. गाठीचं निदान कशावरून होतं, नावं कशी पडतात, ग्रेड आणि स्टेज कशाला म्हणतात हे एका जागी असावं म्हणून हा धागा काढते आहे. एक विनंती: कुणाचेही रिपोर्ट इथे डकवू नका. स्लाइड न बघता मी मत देणार नाही, आणि जे देतील त्यांचं ऐकू नका.

आधी ट्यूमर म्हणजे काय ते बघू. शरीरातल्या पेशी गरजेपुरत्या वाढतात. जखम भरून आली की वाढ थांबते. एखाद्या पेशीच्या जनुकांत असे बदल साचतात की थांबण्याचे निरोप तिच्यावर चालेनासे होतात. मग तिची पिलावळ वाढत राहते, आणि वाढीचं मूळ कारण निघून गेलं तरी वाढतच राहते. एकाच पेशीचा वंश आणि स्वतःच्या मर्जीने वाढ, या दोन गोष्टी असल्या की तो ट्यूमर. म्हणून प्रत्येक सूज ट्यूमर नसते. गळू, क्षयाची गाठ, मार लागून साकळलेलं रक्त हे हाताला गाठीसारखंच लागतं, पण त्यात बेबंद वाढणारा वंश नसतो.

आता साधा आणि कॅन्सरचा हा भेद. साधा ट्यूमर आजूबाजूच्या भागाला ढकलत वाढतो. त्याची कड शाबूत असते, बऱ्याचदा भोवती आवरणही असतं. कॅन्सर शेजाऱ्यांना ढकलून थांबत नाही, तो त्यांच्यात शिरतो. त्याच्या पेशी रक्तवाहिन्यांत, लसिकावाहिन्यांत घुसून दूरच्या अवयवात जाऊन तिथेही वाढू शकतात. असं दूरचं ठाणं सापडलं की वाद जवळजवळ संपतो.

आकाराचं म्हणाल तर गर्भाशयातला फायब्रॉइड काही किलोचा होऊनही साधाच राहू शकतो. उलट मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सगळा हिशेब मिलिमीटरचा. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर टी १ (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी, स्टेजबद्दल लिहिताना सांगेन), आणि ४ मिलिमीटरच्या पुढे गेली की थेट टी ४. दुखण्याचंही तेच. नखाखाली होणारा ग्लोमस ट्यूमर काही मिलिमीटरचा आणि सहसा साधा असतो, पण ठणका असा की माणूस रडतो. स्तनातल्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

पेशींचं रूप आम्ही बघतोच. केंद्रक मोठं आणि गडद झालंय का, पेशी एकमेकींशी मेळ खातात की प्रत्येकीचा आकार निराळा, विभाजन किती चाललंय, त्यात दोनऐवजी तीन टोकांना ओढलेली गुणसूत्रं दिसतात का. नेहमीच्या पेशीत केंद्रकाचा वाटा बाकी भागाच्या चौथ्या ते सहाव्या हिश्श्याइतका असतो. बिघडलेल्या पेशीत तो बरोबरीला येतो. पण माझं ठाम मत असं की निदानात पेशी कशा दिसतात यापेक्षा त्या कुठे सापडल्या याला जास्त वजन असतं.

याचा पुरावा म्हणजे इन सिटू कॅन्सर. अवयवाच्या अस्तराखाली बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा एक पातळ थर असतो. अस्तरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, लसिकावाहिन्याही नसतात. त्या सगळ्या या थराच्या पलीकडे. पेशी रूपाने पूर्ण बिघडलेल्या असल्या तरी थराच्या अलीकडे असतील तर त्यांना पसरायला वाटच नाही. तेवढा भाग पूर्ण काढला की काम झालं. त्याच पेशी पलीकडे सापडल्या की तो इन्व्हेजिव कॅन्सर, आणि पुढचं सगळं बदलतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे अंतर केसाच्या जाडीपेक्षा कमी असू शकतं.

नावांबद्दल प्रतिसादांत लिहिते, धागा फार लांबतोय.

उंटावरचा_शहाणा

मी असं ऐकलंय की शेवटी 'ओमा' आलं की साधा आणि 'कार्सिनोमा' आलं की कॅन्सर. मग मेलानोमा, लिम्फोमा या मंडळींचं काय? की तेही साधे समजून घरी जायचं?

निळीगुलाबी

@उंटावरचा_शहाणा, अजिबात घरी जायचं नाही. :)

पद्धत अशी: आधी पेशीचं कूळ, मग शेपूट. चरबीच्या पेशींचा साधा ट्यूमर लायपोमा, कूर्चेचा कॉन्ड्रोमा, ग्रंथी तयार करणाऱ्या अस्तराचा ॲडिनोमा. कॅन्सर असेल तर दोन मोठी घराणी. त्वचा, आतड्याचं अस्तर, ग्रंथी, नलिका अशा आच्छादणाऱ्या पेशींपासून निघाला तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी, कूर्चा अशा आधार देणाऱ्या ऊतींपासून निघाला तर सार्कोमा. म्हणून लायपोमाचा घातक भाऊबंद लायपोसार्कोमा, आणि ॲडिनोमाचा ॲडिनोकार्सिनोमा. प्रौढांमधले बहुसंख्य कॅन्सर कार्सिनोमा असतात, सार्कोमा विरळ.

आणि मग अपवाद. मेलानोमा, लिम्फोमा, मेसोथेलिओमा, सेमिनोमा ही सगळी सोज्वळ वाटणारी नावं कॅन्सरची आहेत. ग्रॅन्युलोमा आणि हिमॅटोमा तर ट्यूमरच नाहीत. नावं ज्या काळात पडली तेव्हा नियम ठरलेले नव्हते, आणि पुढे कुणाला बदलायचा धीर झाला नाही. शेपटावर विश्वास ठेवू नका, एवढंच.

गणितवाला

रिपोर्टांच्या नोंदीत ८१४०/३ असला काहीतरी आकडा पाहिलाय. तो काय प्रकार?

निळीगुलाबी

वा, हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. ही आयसीडी-ओ नावाची सांकेतिक पद्धत. कॅन्सरच्या नोंदवह्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ मध्ये ती पहिल्यांदा छापली. तिरप्या रेघेआधीचे चार आकडे म्हणजे पेशीचा प्रकार, रेघेनंतरचा एक आकडा म्हणजे वागणूक. ० साधा, १ अनिश्चित, २ इन सिटू, ३ घातक, ६ म्हणजे दुसरीकडून आलेला. ८१४०/० हा ॲडिनोमा, ८१४०/२ इन सिटू ॲडिनोकार्सिनोमा आणि ८१४०/३ इन्व्हेजिव ॲडिनोकार्सिनोमा. कूळ तेच, शेवटचा आकडा बदलला की माणसाचं आयुष्य बदललं. मला ही पद्धत नावांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, कारण 'अनिश्चित' यासाठी तिने अधिकृत खुर्ची ठेवली आहे.

मृण्मयी_

ताई, फार छान लिहिताय. एक शंका. यात 'अनिश्चित' कसं असू शकतं? घुसलाय की नाही हे दिसत नाही का?

जुनाजाणता

याला मी उत्तर देतो, निळीगुलाबी दुरुस्त करतीलच. मी सर्जन होतो, आता निवृत्त.

थायरॉइडची फॉलिक्युलर गाठ घ्या. साधा ॲडिनोमा आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा, दोन्हीतल्या पेशी हुबेहूब सारख्या दिसू शकतात. फरक एवढाच की कार्सिनोमाने गाठीचं आवरण पार केलेलं असतं किंवा रक्तवाहिनीत शिरकाव केलेला असतो. सुईने पेशी ओढून घेतल्या तर हातात पेशी येतात, आवरण येत नाही. त्यामुळे सुईची तपासणी कितीही चांगल्या हाताने केली तरी या दोघांत भेद करता येत नाही. तो भाग काढावा लागतो आणि आवरण चहूबाजूंनी तपासावं लागतं. पेशंटना वाटायचं, डॉक्टरला ठरवता येत नाही म्हणून कापतोय. समजावून सांगताना दमछाक व्हायची.

निळीगुलाबी

@जुनाजाणता सर, दुरुस्त काय करणार, नेमकं लिहिलंत. त्यात भर घालते. थायरॉइडमध्येच २०१६ साली एक मोठी गोष्ट झाली. पॅपिलरी कार्सिनोमाचा एक उपप्रकार होता. पेशींची केंद्रकं कॅन्सरसारखी, पण गाठ पूर्णपणे कडेच्या आत, कुठेही शिरकाव नाही. अशा रुग्णांचा वर्षानुवर्षांचा मागोवा घेतला तेव्हा आजार जवळजवळ कुणातच परतलेला दिसला नाही. मग तज्ज्ञांनी एकत्र येऊन त्याच्या नावातला 'कार्सिनोमा' हा शब्दच काढून टाकला आणि नवं, लांबलचक नाव दिलं, संक्षेपात 'निफ्टपी'. म्हणजे ज्यांना आधी कॅन्सरचे रुग्ण म्हटलं जायचं ते त्या यादीतून बाहेर आले. मात्र हे नाव द्यायचं तर गाठीची पूर्ण कड तपासलेली हवी. अर्धी बघून देता येत नाही.

प्रथमवर्ष

मॅम, मी एमबीबीएसला आहे. टेराटोमा साधा की घातक हे मला दर वेळी उलटंसुलटं आठवतं. त्यात केस, दात, कूर्चा सगळं असतं ना?

निळीगुलाबी

पाठ करू नकोस, जागा विचार. अंडाशयातला परिपक्व टेराटोमा, ज्याला डर्मॉइड सिस्ट म्हणतात, त्यात केस, चरबी, कधी दातही सापडतात आणि तो साधाच असतो. वयात आल्यानंतर पुरुषाच्या वृषणात तसाच, तितकाच परिपक्व दिसणारा टेराटोमा सापडला तर तो घातक धरायचा, कारण तो पसरू शकतो. वयात येण्यापूर्वीच्या मुलात मात्र पुन्हा साधा. स्लाइडवरचं चित्र तेच. अवयव आणि वय बदललं की उत्तर बदललं. म्हणून तर बायोप्सीच्या फॉर्मवर वय, लिंग, जागा आणि आधीचा आजार लिहा म्हणून आम्ही सर्जन लोकांच्या मागे लागतो. ते कोरे फॉर्म पाठवतात, सर वाचताय ना?

जुनाजाणता

वाचतोय. निवृत्त आहे म्हणून गप्प. :)

मृण्मयी_

माझ्या ओळखीत एकांचा रिपोर्ट 'ग्रेड ३' आला तर सगळे म्हणाले तिसरी स्टेज, संपलं. तसंच ना?

निळीगुलाबी

नाही, नाही, नाही. या गैरसमजाने लोकांची जितकी झोप उडते तितकी कशानेच उडत नसेल. ग्रेड आणि स्टेज हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ग्रेड म्हणजे पेशी मूळ पेशींपासून किती दुरावल्या आणि किती वेगाने वाढताहेत. हे स्लाइडवर ठरतं. स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घेते, कारण तिथली नॉटिंगहॅम पद्धत साधी बेरीज आहे. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. नलिका कितपत बनताहेत, केंद्रकं किती विस्कटलीत, आणि ठरावीक क्षेत्रात किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ तर ग्रेड २, ८ किंवा ९ तर ग्रेड ३. एखाद्या बाईचा कॅन्सर ग्रेड ३ आणि तरीही पहिल्या स्टेजचा असू शकतो. पेशी उग्र, पण गाठ छोटी आणि काखेतल्या लसिका ग्रंथी स्वच्छ.

प्रत्येक अवयवाची ग्रेड वेगळी असते हेही ध्यानात ठेवा. प्रोस्टेटची ग्लीसन पद्धत १९६६ पासूनची आहे. तिची गंमत म्हणजे ती केंद्रकाकडे बघतच नाही. ग्रंथींची रचना कितपत मोडली आहे एवढंच बघते. सर्वात जास्त आढळणारी रचना आणि दुसरी, यांचे आकडे मिळवायचे. व्यवहारात सगळ्यात कमी बेरीज ३ + ३ = ६ येते. आता दहापैकी सहा म्हटल्यावर माणूस घाबरणारच, जरी ती सर्वांत सौम्य पायरी असली तरी. म्हणून आता शेजारी १ ते ५ असे ग्रेड गट लिहितात. ग्लीसन ६ म्हणजे गट १. ३ + ४ आणि ४ + ३ दोन्हींची बेरीज ७, पण पहिला गट २ मध्ये आणि दुसरा गट ३ मध्ये, कारण जास्त जागा कुणी व्यापली आहे याने फरक पडतो.

स्टेज म्हणजे आजार शरीरात किती लांब गेला. पियेर देन्वा या फ्रेंच सर्जनने १९४३ ते १९५२ या काळात टीएनएम ही पद्धत घडवली, तीच आजही सुधारून वापरतात. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरची ठाणी. टी म्हणजे दर वेळी आकार नव्हे. स्तनात २ आणि ५ सेंटिमीटर या मर्यादा आहेत, पण मोठ्या आतड्यात आकाराला कुणी विचारत नाही. भिंतीच्या कुठल्या थरापर्यंत गेला ते बघतात. अस्तराखालच्या थरात टी १, स्नायूत टी २, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत टी ३, बाहेरच्या पृष्ठभागावर किंवा शेजारच्या अवयवात टी ४. तिथे किमान १२ लसिका ग्रंथी तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. कमी तपासल्या तर 'एन शून्य' या शब्दावर भरवसा तितका कमी.

टीच्या आधी पी अक्षर असेल तर ते शस्त्रक्रियेनंतर तपासून लिहिलेलं आहे, आणि वायपी असेल तर आधी केमो किंवा रेडिएशन झालेलं आहे.

मृण्मयी_

खूप खूप धन्यवाद. हे त्यांना वाचून दाखवते.

रात्रपाळी

मी हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन. "एका स्लाइडला इतके दिवस का" असं ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितो.

तुकडा आला की तो १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये हवा, आणि फॉर्मलिन तुकड्याच्या दसपट तरी. सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये आलेला तुकडा आतून सडायला लागतो, मग कितीही मोठा डॉक्टर आणा, दिसत काही नाही. मोठा अवयव असेल तर फॉर्मलिन आत जायलाच वेळ लागतो. स्तनाच्या नमुन्यात हार्मोन रिसेप्टर करायचे असतील तर ६ ते ७२ तास फॉर्मलिनमध्ये असावा असा नियम आहे. कमी झालं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट.

मग ग्रॉसिंग. डॉक्टर अवयव मोजतात, कडांना शाई लावतात, काप घेतात. ती शाई फार महत्त्वाची. स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत आजार आहे. पुढे रात्रभर मशीनमध्ये पाणी काढणं, मग मेणात बसवणं, मग मायक्रोटोमवर ३ ते ४ मायक्रॉनचे काप, मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. केंद्रक निळं, बाकी गुलाबी. हाड असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, तिथे घाई चालत नाही. ऑपरेशन चालू असताना गोठवून काप करतात, फ्रोझन म्हणतात, ते २० मिनिटांत होतं, पण त्याची प्रत मेणाच्या कापासारखी नसते.

उंटावरचा_शहाणा

रात्रपाळीदादा, इतकं सगळं हाताने करता आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याची!

रात्रपाळी

सही करणाऱ्यावर केसही होते, चालतंय. :)

जनुकवेडा

सगळं वाचलं. रसाळ आहे, पण मला हे जुनं वाटतं. आता ट्यूमरची जनुकं वाचता येतात. १९६० मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये फिलाडेल्फिया नावाचं बिघडलेलं गुणसूत्र सापडलं, १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ते ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतं हे दाखवलं, २००१ मध्ये त्याच बदलावर नेम धरणारं इमॅटिनिब हे औषध बाजारात आलं. मग अजूनही निळं-गुलाबी बघून माणसाच्या नजरेवर अवलंबून राहायचं कशाला? मेंदूच्या ट्यूमरचं २०२१ चं वर्गीकरण बघा. प्रौढांमधला ग्लिओब्लास्टोमा म्हणायचा तर आयडीएच जनुक न बदललेलं असायला हवं. आणि ठरावीक जनुकीय खुणा असल्या तर स्लाइड सौम्य दिसली तरी ग्रेड ४.

निळीगुलाबी

@जनुकवेडा, मुद्दा रास्त आहे, आणि तुमच्या बाजूचं आणखी एक भारी उदाहरण मीच देते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. पोल-ई नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड असलेले काही ट्यूमर स्लाइडवर अत्यंत उग्र दिसतात. नुसतं बघून मी ग्रेड ३ लिहीन. पण या रुग्णांची वाटचाल उत्तम असते. इथे माझे डोळे चुकीची भीती दाखवतात आणि जनुक खरं बोलतं. मान्य.

आता दुसरी बाजू. बीआरएएफ जनुकातला व्ही ६०० ई हा बदल मेलानोमात वारंवार सापडतो, त्यावर औषधंही आहेत. तोच बदल बहुतेक साध्या तिळांतही असतो. तुमच्या-माझ्या अंगावरचे तीळ. नुसतं जनुक वाचलं तर अर्ध्या जगाला मेलानोमा सांगावा लागेल. तो तीळ आहे हे मला कशावरून कळतं? पेशी कुठे आहेत, खोल जाताना लहान आणि शांत होत जातात का, वरच्या थरात भलतीकडे चढल्यात का, यावरून.

दुसरं, जनुकं वाचण्यासाठी बहुधा ऊतक विरघळवून डीएनए काढतात. त्या क्षणी कुठली पेशी कुठे होती ही माहिती गेली. इन सिटू आणि इन्व्हेजिव यांतला फरक तर जागेचाच आहे. शिवाय तो नमुना काढताना कॅन्सरचा भाग कुठला आणि निरोगी कुठला हे खूण करून देतं कोण? निळं-गुलाबी बघणारेच.

जनुकवेडा

तिळांचं माहीत नव्हतं. बरं, मग आयएचसी हा मधला मार्ग म्हणायचा का?

निळीगुलाबी

हो, छान शब्द. आयएचसीमध्ये ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं वापरून रंग आणतात. म्हणजे प्रथिन आहे का हेही कळतं आणि कुठे आहे हेही. केरॅटिन आलं तर कार्सिनोमाकडे कल, डेस्मिन आलं तर स्नायूकडे, सीडी ४५ आलं तर लिम्फोमाकडे, एस १०० आणि सॉक्स १० आले तर मेलानोमाकडे. लहान मुलांतल्या काही ट्यूमरमध्ये स्लाइडवर नुसत्या छोट्या गोल निळ्या पेशींचा समुद्र दिसतो. इविंग सार्कोमा, न्यूरोब्लास्टोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोमा, सगळे सारखे, आणि उपचार अगदी निरनिराळे. तिथे आयएचसी आणि अनेकदा जनुकीय तपासणीशिवाय पुढे जाऊच नये.

मात्र एकच रंग बघून निदान करू नये, नेहमी संच लावतात. केरॅटिन काही सार्कोमातही उमटतं.

स्तनाच्या रिपोर्टात ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर, १ टक्का किंवा जास्त केंद्रकांत दिसला की पॉझिटिव्ह. हर-टू या प्रथिनाला ० ते ३ + असे गुण, त्यात ३ + स्पष्ट पॉझिटिव्ह, आणि २ + आला की फिश नावाच्या तपासणीने जनुकाच्या प्रती मोजायच्या. ते २ + म्हणजे अर्धवट पॉझिटिव्ह नव्हे. 'अजून ठरलं नाही' असा त्याचा अर्थ.

गणितवाला

माझा आवडता प्रश्न राहिलाच. एका पेशीपासून हाताला लागेल अशी गाठ व्हायला किती दुपटी लागतात?

निळीगुलाबी

ढोबळ हिशेब: ३० दुपटींत १ अब्ज पेशी, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, साधारण १ सेंटिमीटरची गाठ. त्यापुढे फक्त १० दुपटी झाल्या की १ किलो. म्हणजे गाठ पहिल्यांदा दिसते तेव्हा तिचा बहुतेक प्रवास होऊन गेलेला असतो. प्रत्यक्षात पेशी मरतही असतात, सगळ्या एकाच वेळी विभागत नाहीत, त्यामुळे यावरून 'अमुक महिन्यांपूर्वी सुरू झाला' असं काढायला जाऊ नका.

मृण्मयी_

शेवटचं विचारते. स्तनाचा कॅन्सर यकृतात गेला तर त्याला लिव्हर कॅन्सर म्हणायचं का?

निळीगुलाबी

नाही. तो यकृतातला स्तनाचा कॅन्सर. पेशी स्तनाच्या, औषधं स्तनाच्या कॅन्सरची. नाव कुळावरून पडतं, मुक्कामावरून पडत नाही. अनेकदा आम्हाला यकृतातला तुकडा येतो आणि मूळ कुठे हे माहीतच नसतं. तिथे केरॅटिन ७ आणि २० ही जोडी, टीटीएफ-१, पीएसए, गाटा-३ अशा खुणांवरून माग काढावा लागतो.

कुठला कॅन्सर कुठे जातो हाही मोठा विषय आहे. कार्सिनोमा बहुधा आधी लसिकावाहिन्यांनी, सार्कोमा रक्ताने, असा ढोबळ नियम. पण मूत्रपिंडाचा कार्सिनोमा सरळ शिरेत वाढत जातो. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. यकृतात ठाणी भरपूर, प्लीहेत फार थोडी, रक्त दोघांनाही मिळत असून. त्यांनी मांडलं की बी कुठेही पडेल, रुजेल मानवणाऱ्या जमिनीतच. आजही तेच सूत्र धरून लोक काम करताहेत. आणि कॅन्सर शेजारी शिरतो आणि दूरही जातो, हा मी सुरुवातीला दिलेला नियम मोडणारेही आहेत. त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा आजूबाजूला खोल घुसतो पण दूर जवळजवळ कधीच जात नाही. मेंदूतले ग्लिओमा मेंदूभर पसरतील, पण मज्जासंस्थेबाहेर क्वचितच. तरीही त्यांना कोणी साधं म्हणत नाही.

साधा म्हणजे निरुपद्रवी, असंही समजू नका बरं. कवटीच्या तळाशी दाबणारा साधा मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा ट्यूमर, जिवावर बेतू शकतो.

जुनाजाणता

बायोप्सी निगेटिव्ह आली की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, त्यावर एक जुनी कथा. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रात १८८७ मध्ये गाठ दिसली. मॅकेन्झी या इंग्लिश डॉक्टरांनी तुकडे काढले, तपासले कुणी, तर साक्षात विर्खो यांनी, पेशीवर आधारलेल्या पॅथॉलॉजीचे जनक. त्यांना तुकड्यांत कॅन्सर दिसला नाही. मोठी शस्त्रक्रिया टळली. फ्रेडरिक मार्च १८८८ मध्ये सम्राट झाले आणि ९९ दिवसांत त्याच आजाराने गेले. विर्खोंना अक्कल नव्हती असं कोण म्हणेल? जो तुकडा मिळाला त्यावर ते बोलले.

निळीगुलाबी

आणि सर, वरवरचा तुकडा घेतला की आजही हेच होऊ शकतं. व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा प्रकार आहे. पेशी अगदी गरीब दिसतात, ट्यूमर रुंद आघाडीने खाली दाबत जातो. त्याचा तळ तुकड्यात आला नाही तर निदान करताच येत नाही. म्हणून "या नमुन्यात कॅन्सर दिसला नाही" आणि "कॅन्सर नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. गाठ आणि रिपोर्ट जुळत नसतील तर पुन्हा बायोप्सी मागणं यात कुणाचा अपमान नाही.

उंटावरचा_शहाणा

आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर? रिपोर्टचा फोटो पाठवला की चालतं ना?

रात्रपाळी

फोटोवर कुणी मत देऊ नये. लॅबमधून स्लाइड मागायच्या आणि त्याबरोबर मेणाचे ब्लॉक. स्लाइडवर जे आहे तेवढंच बघता येतं, ब्लॉक असेल तर नवे काप, आयएचसी, जनुकीय तपासणी सगळं करता येतं. अर्ज द्यावा लागतो, लॅब नोंद ठेवून देते. घेताना ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का ते काउंटरवरच बघून घ्या. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं. आणि काम झालं की परत आणून द्या, पुढे कधी लागला तर तोच एक नमुना असतो.